वानरांची वरची वाट

शिकवणं म्हणजे काय ते आपल्याला कळतं, असा मला एकेकाळी भारी तोरा होता. मी प्राथमिक शाळेत मास्तरीण. मी वर्गात शिरले की पोरं चिडीचूप. तो तोरा माझा एका म्हाताऱ्या वानरीने उतरवला. हसायचं तर खुशाल हसा, पण मी खोटं सांगत नाही.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमचा जिल्हा रत्नागिरीतून नुकताच वेगळा झाला होता, आणि मी लग्न होऊन जामसंड्याहून एसटीने तासभर आत असलेल्या एका वाडीत आले होते. नवरा कणकवलीला कचेरीत. शनिवारी यायचा आणि सोमवारी पहाटेच पळायचा. बाकीचे दिवस घरात सासूबाई, सासरे आणि मी. सासऱ्यांना अख्खी वाडी आबा म्हणे, म्हणून मीही आबाच म्हणू लागले. माणूस प्रेमळ, पण हट्टी असा की एकदा नाही म्हटलं की देव खाली आला तरी नाहीच.

आमच्या मागच्या अंगणाला लागून व्हाळ, म्हणजे ओढा. व्हाळापलीकडे देवीची राई. तिथल्या झाडाची काडीसुद्धा कोणी तोडत नसे, त्यामुळे राई दाट होती आणि तिच्यात काळ्या तोंडाच्या वानरांचा एक कळप पिढ्यान् पिढ्या राहत होता. व्हाळाच्या काठावर एक अवाढव्य वड. रोज सकाळी कळप राईतून वडावर यायचा, वडावरून आमच्या बाजूच्या फणसावर उडी मारायचा आणि तिथून वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, चरायला जायचा. पुढे कधी न पाहताही मला ते आवाजावरून कळू लागलं.

वाडीत लाईट येणार होती. लाईन खरं तर रस्त्याकडेने जायची, पण तशी नेली तर आबांची हापूसची चार कलमं तोडावी लागणार होती. कलमं म्हणजे आबांचा जीव की प्राण. त्यांनी कणकवलीच्या वीज कचेरीत खेपा घातल्या, हातापाया पडले, आणि शेवटी खांब व्हाळाच्या काठाने आणवले. तारा गेल्या त्या बरोब्बर वडाच्या खालच्या फांदीला घासून. कलमं वाचली म्हणून आबांनी त्या दिवशी सगळ्यांना खरवस खाऊ घातला.

लाईट आली आणि पंधरवड्यात एका सकाळी फटाका फुटावा तसा आवाज झाला. एक वानरी दोन तारांना एकदम चिकटली होती. खाली पडली तेव्हा संपलेली होती. बाकीचा कळप दिवसभर वडावर गप्प बसून राहिला, एकानेही पान तोंडात घेतलं नाही.

आमच्याकडे वानर मेलं की घरचं माणूस गेल्यासारखं करतात. तिरडी बांधली, गुलाल उधळला, भजन म्हणत तिला मारुतीच्या देवळामागे पुरली. आबांनी डोकं भादरून घेतलं, तेराव्याला गावजेवण घातलं. लोक म्हणाले, झालं, फिटलं. पण आबांच्या मनातून ते जाईना. कलमांपायी तारा इथून आल्या, हे त्यांना कोणी बोललं नव्हतं. बोलायची गरजच नव्हती. त्यांनी देवीपुढे गाऱ्हाणं घातलं की जिवंत असेपर्यंत रोज सकाळी वानरांना खायला घालीन. दुसऱ्या दिवसापासून मागच्या अंगणात केळी, भात, फणसाचे गरे यांची टोपली मांडली जाऊ लागली. त्यांना आता एकच हवं होतं, आपल्या हातून आणखी एक जीव जाऊ नये.

शिमग्यात आणखी एक गेला, अर्धवट वाढलेला. पुन्हा तिरडी, पुन्हा गुलाल. आबांनी टोपलीच्या दोन टोपल्या केल्या.

माझ्या शाळेचा व्हरांडा वडासमोरच होता. पोरं यायच्या आधी मी जाऊन फळा लिहून ठेवत असे, आणि तेव्हा मला ती म्हातारी दिसली. अर्ध्या शेपटीची, ओठ लोंबलेली, कळपातली सगळ्यात थोराड. पहिलं मरण झालं त्या दिवशी ती तिथेच होती. त्यानंतर तिने वाट बदलली होती. खालच्या फांदीवरून फणसावर जाणं सोपं, तारेपासून टीचभर अंतर. ती मात्र पार शेंड्याकडे चढायची, वरच्या फांदीवर जायची आणि तिथून जीव मुठीत धरून लांब उडी घ्यायची. तिच्या मागून बाकीचे. आणि एखादं पिल्लू खालच्या फांदीकडे वळलं की ती ओरडायची, खॅक्. बिबट्या दिसल्यावर वानर ओरडतं तशी. त्या आवाजासरशी सगळा कळप जागच्या जागी थिजायचा, पिल्लांच्या आया त्यांना शेपटीला धरून मागे खेचायच्या.

मी हातातला खडू विसरून बघत राहायचे. तारेत काय असतं हे तिला कोणी सांगितलं? मला तरी कुठे नीट कळत होतं! तिने एकदा पाहिलं होतं, बस्स. आणि ज्या पिल्लांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, ती तारेकडे बघून अंग चोरत होती. बिबट्यासारखीच तार. डोळ्यांदेखत एका जनावराच्या डोक्यातलं दुसऱ्याच्या डोक्यात जात होतं, ना फळा, ना छडी. माझ्या अंगावर काटा आला होता, खरं सांगते. आणि लाजही वाटली, कारण मी सातचा पाढा वर्गात चार महिने घोकून घेत होते.

मग माझ्या लक्षात दुसरं आलं. शिमग्यात मेला तो वरच्या वाटेने जाणारा नव्हता. टोपल्या मागच्या अंगणात, खालच्या फांदीच्या अगदी समोर. तरण्या वानरांना केळी दिसली की वरून वळसा घालून जायला वेळ कुठला? म्हातारी वरून ओरडायची, ती एकदा तिच्याकडे बघायची, एकदा केळ्यांकडे. बऱ्याचदा तिचं ऐकायची. एकाने ऐकलं नव्हतं.

मी गप्प बसले. नवी सून, त्यात मामला पापपुण्याचा. आजही त्या गप्प बसण्याचा मला राग येतो.

श्रावणात एका वाऱ्याने माड कोसळला, खांब वाकला आणि वाडीची लाईट गेली. गणपतीपर्यंत देतो, असं लाईनवाले सांगून गेले. तारा मात्र वडाजवळ तशाच होत्या. पहिले काही दिवस वानरं वरूनच गेली. मग एका वांड नराने केळ्यांसाठी धाडस केलं. खालच्या फांदीवरून आला, तारेवर पाय दिला, काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी तिघं आले. आठवड्याने निम्मी तरणी पोरं तारेला लोंबकळून आमच्या अंगणात उतरू लागली. म्हातारी ओरडून ओरडून थकायची. तिचं कोण ऐकतं? तारा तर मेलेल्या होत्या. पण गणपतीच्या आधी त्या जिवंत होणार होत्या, आणि ते तिलाही ठाऊक नव्हतं.

आता मात्र माझ्याच्याने राहवेना. मी आबांना सगळं सांगितलं, टोपल्या बंद करा म्हणाले. ते एवढे संतापले की हातातला तांब्या आपटला.

"देवीक गाऱ्हाणा घातलंय मी. माका पाप धुवूचा आसा. तू तुजी शाळा बघ."

मीही काही कमी नव्हते. मी म्हटलं, तुमचं पाप धुवायला त्यांचे जीव का जावेत? झालं. चार दिवस अबोला. सासूबाईंनी मला खूण करून करून हात टेकले. त्या चार दिवसांत टोपल्या नेमाने मांडल्या गेल्या.

पाचव्या दिवशी आबा न सांगता देवळात गेले. आमच्याकडे देवीला कौल लावतात. गुरव पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. टोपल्या बंद करू का, एवढंच आबांनी विचारलं. दुपार झाली, ऊन कललं, पाकळ्या हलल्याच नाहीत. ना उजवी, ना डावी. असं फार क्वचित होतं. आबा उपाशीपोटी घरी आले आणि अंगणातून थेट माझ्याकडे बघून म्हणाले, "देवी काय बोलूक नाय. आता त्या म्हातारेकच इचारतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते शाळेच्या व्हरांड्यात माझ्या खुर्चीवर येऊन बसले. टोपल्या सासूबाईंनी मांडल्या होत्या. कळप आला. म्हातारी वर चढली आणि ओरडली. थोरली मंडळी तिच्या मागून गेली. तरणी मात्र खालच्या फांदीवर घोटाळली. त्यांनी वर तिच्याकडे पाहिलं, खाली टोपल्यांकडे पाहिलं आणि एकामागून एक तारेवर उतरली. म्हातारी पुन्हा ओरडली. मग खाली आली, एका पिल्लाची शेपटी धरून तिने त्याला वर ओढलं. ते हिसडा देऊन निसटलं आणि टोपलीशी जाऊन बसलं. ती तिथेच तोंड उघडं टाकून धापा टाकत राहिली. तिचं वय झालं होतं हो!

 आबा माझ्याकडे न बघता हळू म्हणाले, "ती शिकयता नि मी इसरवतंय."

त्या दिवसापासून टोपली मांडली नाही. नवस मोडणं म्हणजे काय, ते आमच्याकडच्या माणसालाच कळेल. लोक नाक मुरडत होते, गुरवाने दोनदा समजावलं. आबांनी एवढंच सांगितलं की त्याचं काय व्हायचं ते माझं होऊ दे. पण वानरांना कुठे ठाऊक? ती येऊन अंगणात बसायची, रिकाम्या जागेकडे बघायची, दारापर्यंत यायची. आबा आत माजघरात दार लावून बसत. बाहेर पिल्लं चिरचिरायला लागली की ते कानांवर हात ठेवायचे. एकदा तर ते केळ्याचा घड घेऊन उठलेच. सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. त्या बाईचं बळ मी त्या दिवशी पाहिलं.

हळूहळू अंगणात येणारी वानरं कमी झाली, आणि म्हातारी रोज सकाळी वरून ओरडतच होती. पण खालच्या वाटेची सवय सुटली की नाही, कोण सांगणार? लाईनवाले आले, खांब सरळ केला आणि गणपतीच्या आदल्या संध्याकाळी लाईट आली. वाडीत आनंदीआनंद. आमच्या घरात गणपतीसमोर दिवा लागला आणि आबा मात्र ताटावरून उठले.

सकाळी मूर्तीची पूजा गुरुजींवर सोडून ते माझ्याआधी शाळेत पोचले होते. सुट्टी होती, शाळेत आम्ही दोघंच. कळप राईतून वडावर आला.  म्हातारी सगळ्यात वर जाऊन बसली. थोरली मंडळी तिच्यामागे गेली. तेवढ्यात तो वांड नर खालच्या फांदीकडे वळला. मी म्हातारीकडे पाहिलं. ओरड ना गं, ओरड, मी मनात म्हणत होते. ती ढिम्म. काखेत खाजवत बसली होती, तिने त्याच्याकडे पाहिलंदेखील नाही. नराने पंजा पुढे केला.

खॅक्!

आवाज खालून आला. झाडाच्या मध्यावर एक तरुण वानरी होती, पहिलं पिल्लू पोटाशी धरलेली. याच श्रावणात टोपलीवर तुटून पडणाऱ्यांतली ती. ती पुन्हा ओरडली आणि तिच्याशेजारची दुसरी ओरडली. नराचा पंजा तारेच्या वर तसाच थांबला. त्याने तो मागे घेतला, क्षणभर दोघींकडे रागाने पाहिलं आणि वरच्या फांदीकडे चढू लागला. सगळे वरून गेले. पोटाशी पिल्लू घेऊन तिने ती लांब उडी मारली तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. शेवटी म्हातारी सावकाश उठली आणि त्यांच्या मागून गेली.

मी रडत होते. आजकाल कुणी म्हणालं की वानरांचा उपद्रव झालाय, पकडून दुसऱ्या जंगलात नेऊन सोडू, चारदोन म्हाताऱ्या गेल्या तर काय बिघडलं, तर माझं डोकं फिरतं. त्यांना मी एवढंच विचारते की त्या कळपाला पाण्याची, फळांची, मरणाची वाट कोण सांगणार, तुम्ही?

आबांनी डोक्यावरची टोपी काढली आणि वडाकडे बघून हात जोडले. मग खुर्चीवरून उठले, धोतर झटकलं.

"हयसर आता माजा काय काम नाय गो," म्हणाले, आणि आरतीला घरी गेले.