मी न काढलेला बाण

गेल्या वैशाखातल्या पौर्णिमेला मी रस्त्यावर एक बाण काढला नाही. एवढीशी गोष्ट. पण त्या सकाळचा तो तास अजून माझी पाठ सोडत नाही. ज्या देवीला मी इतकी वर्षं हात जोडत आले, तिच्याशी मी नेमकं काय बोलत होते, याचीच मला शंका येते. म्हणून जे घडलं ते घडलं तसं लिहून ठेवते. त्याला काय म्हणायचं ते वाचणाऱ्यानं ठरवावं.

आम्ही नवरा-बायको जाफराबादला राहतो. मी शाळेत गणित शिकवायची, हे एसटीत कंडक्टर होते. दोघंही आता निवृत्त. पुण्याच्या लेकीनं गिअरच्या दोन सायकली पाठवल्या तेव्हा गल्लीनं आम्हाला पोटभर हसून घेतलं. पण मला सायकलीनं खरंच वेड लावलं. खोऱ्यातला सपाट रस्ता, दोन्ही बाजूंची शेतं, मग हळूहळू जवळ येणारे डोंगर आणि त्यातली वळणं. हे मात्र रमतगमत येणार. सारी उमर एसटीत गेलेली, वाटेत भेटेल त्याच्याशी बोलल्याशिवाय यांचं पाऊल पुढं पडत नाही. थांबून थांबून मी वैतागले आणि एक युक्ती काढली. कबड्डीचं मैदान आखायला चुन्याची फक्की लागते, तिची एक पिशवी हँडलला बांधली. जिथं रस्ता फुटतो तिथं मी उतरून बाण काढायचा, यांनी मागून बाण बघत यायचं. जिथं बाण नाही तिथं सरळ. वर्षभर हे बिनबोभाट चाललं होतं.

त्याआधी यांची साखर एवढी वाढली होती की चार दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं, इन्सुलिन सुरू झालं. घरी आणलं त्या दिवशी मी डोंगरावरच्या देवीला बोलले, 'तू यांची साखर सांभाळ, मी बारा पौर्णिमा उपाशी पोटी सायकलीनं तुझा डोंगर चढते.' तेव्हा मला तो नवस वाटला होता. आज वाटतं, मी देवीला वर्गातल्या मुलीसारखी तंबीच दिली. घरातही माझं तेच चाललेलं. भाकरी अर्धी, भात दोन घास, चहा बिनसाखरेचा. साखर वाढणं वाईटच, पण ती एकदम उतरली तर जिवावर बेतेल, खिशात कायम गोड गोळ्या असू द्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी ऐकलं आणि सोडून दिलं. मला वैरी एकच दिसत होता.

ती अकरावी पौर्णिमा होती. ऊन तापायच्या आत परतायचं म्हणून आम्ही उजाडताना निघालो. यांनी इंजेक्शन घेतलं, अर्धी भाकरी खाल्ली. दहा-बारा किलोमीटरवर पाणी प्यायला थांबलो तर यांच्या गालात काहीतरी घोळताना दिसलं. खिसा तपासला. लिमलेटच्या गोळ्यांचा पुडा अर्धा संपलेला!

"अगं, उगं तोंडाला चव म्हणून," हे ओशाळून म्हणाले.

"चव? परत दवाखान्यात जायचंय का?" मी पुडा काढून माझ्या कमरेच्या पाऊचमध्ये टाकला आणि चेन लावली. "वर गेल्यावर बघू." आणि तावातावानं निघाले.

डोंगराच्या पायथ्याला रस्ता फुटतो. उजवीकडे घाट, डावीकडे खोऱ्यातल्या एका गावाची वाट, समोर पाझर तलावाचा बांध. सायकल चालवणाऱ्याला माहीत असतं, चढाच्या आधी घेतलेला वेग मोडायला फार जिवावर येतं. त्यात मी रागात. दहा वेळा आलेत इथं, एवढंही कळू नये का, असं मनात म्हणाले आणि न उतरता, खाली रस्त्याकडं न बघताच उजवीकडे वळून घाटाला लागले.

वर पोचले तेव्हा घामानं ओली झाले होते. दर्शन दोघांनी मिळून घ्यायचं असा नेम, म्हणून पायरीवर बसले. दहा मिनिटं झाली, वीस झाली. घाटाची खालची तीन वळणं तिथून दिसतात. त्यांच्यावर यांचं पिवळं हेल्मेट कुठंच नव्हतं. फोन लावला. वाजत राहिला. परत लावला, परत वाजला. फोन लागतोय आणि माणूस उचलत नाही, याच्याइतकं वाईट काही नाही. फोन परत ठेवायला पाऊच उघडला तर हाताला तो पुडा लागला. डॉक्टरांचं सगळं बोलणं तेव्हा मला शब्दाशब्दानिशी आठवलं. इंजेक्शन घेतलेलं, पोटात अर्धी भाकरी, अंगावर वीस किलोमीटर, आणि औषध माझ्या कमरेला. मी तशीच सायकलीकडे धावले. गाभाऱ्याकडे मी पाहिलंसुद्धा नाही.

उतारावर प्रत्येक वळणाला ब्रेक दाबून मी कठड्यापलीकडे वाकून बघत होते. मोठ्यानं हाका मारत होते. देवीला काय काय बोलले ते लिहायची लाज वाटते. अकरा वेळा आले, हेच का तुझं सांभाळणं, असंही म्हणाले. पायथ्याला आले आणि थबकले. फाट्यावर पांढरा बाण होता. ताजा, फक्कीचाच, पण डावीकडे. आणि तो मी काढलेला नव्हता.

काही सुचेना. तशीच बाणाच्या मागं निघाले. एका पुलाजवळ दुसरा बाण. खोऱ्यात वारा नव्हता, नाला कोरडा ठाक, नांगरलेल्या रानात माणूस नाही. पुढच्या वळणावर एका बाभळीला यांची सायकल दिसली. पाण्याची बाटली खाली पडलेली, एक चप्पल मातीत. पण सायकल खोडाला नीट टेकवून ठेवलेली होती. आमच्या यांनी जन्मात सायकल नीट लावलेली नाही. म्हणजे दुसऱ्या कुणाचा तरी हात तिला लागला होता. का लागला असेल, याचा विचार करायचा धीर मला झाला नाही. मी ती चप्पल उचलली आणि गावाकडे सायकल हाणली.

गावाच्या कडेला विहार होतं. पंचशील झेंड्यांच्या माळा, पांढऱ्या साड्यांतल्या बाया, चुलीवर मोठं पातेलं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात आलं, आज बुद्ध पौर्णिमा. अकरा पौर्णिमा मोजणाऱ्या मला ही कुणा दुसऱ्याचीही पौर्णिमा असेल हे सुचलंच नव्हतं. मांडवात सतरंजीवर हे भिंतीला टेकून बसले होते. सदरा ओलाचिंब, चेहरा पांढराफटक, आणि मिशीला खीर.

मला बघून क्षीण आवाजात म्हणाले, "खीर खाल्ली मी. रागावू नको."

मी त्यांच्याजवळ बसले आणि हातातल्या चपलेसकट हमसून हमसून रडले. शेजारी माझ्याच वयाची एक बाई यांना वारा घालत होती. ती गावातली अंगणवाडीची ताई. पाणी देऊन म्हणाली, "रडू नका बाई, आता बराबर हायेत ते. पोरी पाणी आणाया गेल्त्या, त्यांला बाभळीखाली पडलेले दिसले. दरदरून घाम, बोलणं बिलकुल समजंना. माझ्या भावाला शुगर हाये, म्या वळखलं. पहिले गालात आतून साखर चोळली, शुद्धीवर आले मंग खीर पाजली."

"पण हे इकडं आलेच कसे?"

"त्यांलाच इचारा. म्हणत व्हते, बायकोनं बाण काढलाय, मंग बराबरच असंल." ती हसली. "आमचेच बाण हायेत ते. खीरदानाला लांबून लोक येतेत, फाट्यावर चुकतेत. म्हणून सकाळी सकाळी काढले."

बाजूला एक म्हातारे उपासक उभे होते. ते म्हणाले, "वंदना व्हायची व्हती आजून, कुणाला वाटी दिली नव्हती. पर माणूस पडलेला असताना थांबायचं कशाला?"

मी ताईचे हात धरले. म्हणाले, "देवीनंच तुम्हाला पाठवलं हो."

"आम्ही कुठं आलो बाई?" ती सहज म्हणाली. "तुमचे मालकच आले न्हाई का आमच्याकडं? आम्ही देव न्हाई मानत. खीर वाटतो. घ्या, तुम्हीबी घ्या."

मी उपाशी होते, दर्शन झालं नव्हतं, नवस मोडणार होता. मी वाटी घेतली आणि दोन्ही हातांनी धरून खाल्ली. दुधाळ, वेलदोड्याची, भरपूर गोड. वंदना सुरू झाली तेव्हा आम्ही दोघंही मागं बसून होतो. शब्द कळत नव्हते, पण तिथून उठावंसं वाटेना. नंतर गावातल्या जीपनं आम्हाला सायकलींसकट घरी सोडलं.

मी आजही देवीला मानते, आणि त्या ताईचं बोलणंही मला खोडता येत नाही. घाटाचा बाण मी काढला असता तर हे तो चढ चढले असते आणि त्या सुनसान वळणांवर कुठंतरी पडले असते. हे मला कळतं. पण माझ्या रागाचं पुण्य करून घ्यायची माझी हिंमत नाही. चूक माझीच होती. ती निस्तरली कुणी, ते मला माहीत नाही, आणि माहीत नसण्याचं आता दुःखही वाटत नाही. आयुष्यभर वाटत होतं की मी धरलेलं सोडलं तर सगळं पडेल. त्या दिवशी माझ्या हातून सुटलं तेव्हा खाली दुसरे हात होते. त्या हातांची मी जन्माची ऋणी आहे.

पुढच्या पौर्णिमेला, डॉक्टरांना विचारून, आम्ही परत निघालो. ही अकरावी धरायची की बारावी, ते मी देवीला विचारलं नाही. निघताना मी पुडा यांच्या खिशात ठेवला. फाट्यावर घेतलेला वेग मोडला, उतरले, वाकून उजवीकडे ठसठशीत बाण काढला आणि थांबले. थोड्या वेळानं हे आले. माझ्यासमोर खिशात हात घातला, एक लिमलेट तोंडात टाकली आणि माझ्याकडे बघत उभे राहिले.

मी हात पुढं केला. यांनी दुसरी गोळी माझ्या तळहातावर ठेवली.