ब्रेक नसलेली नाव

बाजारातून नवी बादली आणली तरी दामूकाका आधी ती पाण्यानं भरायचे, ओट्यावर ठेवायचे आणि समोर बसून राहायचे. तासाभरानं ओटा कोरडा दिसला की बादली पास. "मानूस खोटं बोलते मास्तर, पानी नाई बोलत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मुलीला स्थळ आलं तेव्हा त्या पोराला असं पारखून घ्यायची सोय नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं.

मी वरूडला शिक्षक म्हणून आलो तो त्यांच्या शेजारी राहायला. काकांची हयात ट्रॅक्टर हाकण्यात आणि ट्रॉल्या वेल्डिंग करण्यात गेली आणि सगळे रविवार धरणावर गळ टाकून बसण्यात. गोदाकाकू माळकरी. त्यामुळे मासळी शिजायची ती मागच्या अंगणात, वेगळ्या चुलीवर, काकांच्याच हातची. मीठ कायम जास्त.

साठी उलटल्यावर त्यांनी अ‍ॅल्युमिनियमची नाव बांधायला घेतली. पहिल्या चार पत्र्यांची चाळणी झाली. "लोखंड लाल होऊन सांगते का बाप्पा, आता थांब. हे लेकाचं न सांगताच गयते." पण हात बसला आणि नाव उभी राहिली. रुंद, मागे नागपूरहून आणलेलं जुनं इंजिन, आणि बरोबर मधोमध कमरेएवढा खांब, त्यावर भंगारातल्या ट्रॅक्टरचं स्टेअरिंग. मधोमध कशाला? "चारी आंगानं फिरून गळ टाकता येते."

गावाला हे सांगितलं. खरं काय ते मला सांगितलं. काकूंचं माहेर त्या धरणात बुडालेलं. तेव्हापासून त्यांनी धरणाकडे मान वळवून पाहिलं नव्हतं. "एक डाव तिले तिच्या गावावर नेतो, मास्तर. डोंग्यात ती बसत नाई, हलते म्हन्ते. याच्यात धराले मधात खांब हाये."

पहिल्या दिवशी अर्धं गाव काठावर जमलं. काकांनी ऐटीत फेरी मारली. परत येताना मात्र काठ जवळ आला, तसा त्यांचा उजवा पाय नावेच्या तळाशी काहीतरी शोधू लागला. ट्रॅक्टरवर चाळीस वर्षं घालवलेला पाय तो, ब्रेकच शोधणार! नाव थेट चिखलात चढली. काकांच्या आधी बातमी घरी पोचली.

"नावेले ब्रेक नाई आन् तुमाले अक्कल नाई," काकू म्हणाल्या. "मी नाई बसत."

काकांनी नाव ट्रॉलीवर घालून अंगणात आणली आणि नळी लावून आतून पाण्यानं भरली. "आतलं बाहेर जात नाई, तं बाहेरचं आत कसं येईन?" काकूंनी पाण्याच्या रेषेवर कुंकवाचं बोट ओढलं, वर ताडपत्री टाकली, आणि तीन दिवस येता-जाता ती उचलून पाहिली. चौथ्या सकाळी नवं लुगडं नेसून म्हणाल्या, "चला."

मीही बरोबर होतो. धरणाच्या मध्यावर, दोन टेकड्यांच्या सरळ रेषेत येऊन काकांनी इंजिन बंद केलं. "गोदे, खाली तुह्यं आंगन हाये." खांब धरून काकू किती तरी वेळ पाण्याकडे बघत उभ्या राहिल्या. मला कुठं बघावं कळेना. काकांनाही कळेना, म्हणून त्यांनी सवयीनं गळ टाकला. आणि लागला की हो रोहू, चांगला हातभर! आता काकू खवळणार, या भीतीनं काकांनी तो परत सोडायला हात खाली नेला.

"काहून सोडता?" काकूंनी पदर पसरला. "टाका ओटीत. माहेरून लेक रिकामी जात नाई."

त्या दिवशी रोहू घरातल्या चुलीवर शिजला, काकूंच्या हातचा. त्यांनी चाखलाही नाही. तरी मीठ बरोबर पडलं होतं.

काका गेल्या हिवाळ्यात गेले. मला फार चुकल्याचुकल्यासारखं होतं. घरी नवी बादली आली की मी ती भरून ठेवतो. परवा काकूंकडे गेलो, तर त्या नाव धूत होत्या, आतली कुंकवाची खूण तेवढी सोडून.

"भाऊबीजेले मोकये हा का, मास्तर? माहेरी जाचं हाये. तुमाले चालवता येते ना?"

"येते की. काकांनीच शिकवली."

"तेच भेव हाये," काकू म्हणाल्या. "पायानं ब्रेक शोधू नोका."