आठवडाभर आधी आलेले चाचा

श्रावणातला दुसरा सोमवार, सकाळचे साडेआठ. ठिकाण: सोलापुरातलं डोळ्यांचं एक हॉस्पिटल, पहिला मजला. हजर: मामा, म्हणजे माझे सासरे, वय अठ्ठ्याहत्तर, आणि मी. गैरहजर: हे, कारण त्यांना सुट्टी मिळाली नव्हती. देवाला मी हजर किंवा गैरहजर, काहीच धरलं नव्हतं.

मामांना एकच डोळा. लहानपणी मंद्रूपजवळच्या माळावर मेंढरं राखताना बाभळीचा काटा लागून डावा डोळा कायमचा गेला. उरलेल्या उजव्यात मोतीबिंदू झाला, तर तो पिकू दे म्हणून ते दोन वर्षं थांबले. ताटातली चटणी कुठे आणि भाजी कुठे हे मला सांगावं लागायला लागलं, तेव्हा मी ओढतच त्यांना डॉक्टरबाईंकडे नेलं. बाई म्हणाल्या, मोतीबिंदू पिकायची वाट बघायची नसते. फार कडक झाला की काढायलाच अवघड जातो. मामांनी त्यांना विचारलं, "मग लेजर मारा की. शेजारच्या पोराचा चष्मा गेला की तसा." बाई हसल्या. "आजोबा, ते लेझर चष्म्याचा नंबर घालवायला. तुमचं आतलं भिंगच गढूळ झालंय. ते काढून नवं बसवायचं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "दुसरा डोळा नाही, म्हणून मी जास्त जपून करीन. चालू असलेली प्रत्येक गोळी मला कळली पाहिजे. एकही सुटू देऊ नका."

हे काम माझ्यासारखीला सांगायला नको. मी घरातली सगळी कपाटं उपसली, रक्तदाबाची गोळी, साखरेची गोळी, गुडघ्याचं तेलसुद्धा लिहून दिलं. तरी धाकधूक होतीच. निघताना मामांनी बिरोबापुढं हात जोडले, कपाळाला भंडारा लावला आणि म्हणाले, "चल. त्यो बघून घील." मला जरा रागच आला. कपाटं कुणी उपसली, रजा कुणी टाकली, आणि बघून घेणार तो! मी मनात म्हणाले, त्याच्यावर सोडलं असतं तर आज आपण इथे नसतो.

हॉस्पिटलात सिस्टर दर दहा मिनिटांनी मामांच्या डोळ्यात बाहुली मोठी करायचे थेंब घालत होत्या. तेवढ्यात एक मुसलमान चाचा जिना चढून आले. पांढरी दाढी, जाड भिंगांचा चष्मा, आवाज असा की खालच्या मजल्यावर ऐकू जावा. सिस्टर यादीत त्यांचं नाव शोधायला लागल्या. ते सापडेना, तर चाचा मामांशेजारी बसून आपणहून सांगायला लागले.

"लिखो बहनजी, मेरेकू पिशाब की गोली चालू है. रात कू पाच बार उठता मैं. बीवी बोलती, संडास मेंच खाट टाक लेव."

बसलेले सगळे हसले. मामाही हसले. चाचांनी लगेच त्यांच्या मांडीवर थाप मारली. "क्या मामू, हसते क्या? तुमकू नै क्या?"

मामांचं हसू गेलं. त्यांनी मान खाली घातली. मी म्हणाले, "नाही हो चाचा, ह्यांना तसलं काही नाही."

"अरे, तुम कायकू बोलते बेटी? उनकू बोलने देव की."

मामा माझ्याकडे न बघता, चाचांकडे तोंड करून म्हणाले, "हाय की. मला बी हाय. वरीस झालं."

त्यांनी कमरेची भंडाऱ्याची पिशवी सोडली. आत पिवळ्याधमक भंडाऱ्यात गोळ्यांचं पाकीट होतं. दर महिन्याला भावाला भेटायला जातो म्हणून मंद्रूपला जायचे, तेव्हा तिथल्या डॉक्टरांकडून आणायचे. "सुनंम्होरं असलं कसं बोलायचं?" ते पुटपुटले. भंडाऱ्याच्या पिशवीला मी कधी हात लावत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

मी ते पाकीट घेऊन आत धावले. डॉक्टरबाईंनी नाव वाचलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं. ह्या गोळीने बाहुलीभोवतीचा पडदा सैल पडतो, ऑपरेशन चालू असताना बाहुली अचानक आकसू शकते, असं त्यांनी समजावलं. "आयत्या वेळी हे झालं असतं तर डोळ्याला धोका होता. आधी कळलं, आता मी बाहुली धरून ठेवायचं बारीक कडं तयार ठेवते. गोळी मनाने बंद मात्र करायची नाही, आणि केली तरी परिणाम लगेच जात नाही." त्यांनी मामांना त्या दिवशी सगळ्यांत शेवटी घेतलं.

बाहेर आले तेव्हा चाचा जिना उतरून निघाले होते. सिस्टर म्हणाल्या, "त्यांची तारीख पुढच्या सोमवारची होती. उगाच आठवडाभर आधी आले."

दुपारी मामा आत गेले आणि मी बाकावर बसले. करण्यासारखं काहीही उरलं नव्हतं. खूप वर्षांनी मी हात जोडले. काय मागावं ते सुचेना, म्हणून नुसतेच जोडून ठेवले. ऑपरेशनमध्ये बाहुली खरंच आकसली, आणि कडं होतं म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर मामा माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "तुजं क्यास लई पिकलं की गं." मी रडले आणि हसलेही.

चाचा चुकून आले की कुणी पाठवले, ह्यावर मी वाद घालत नाही. मी चौकशी केली होती ती कपाटांची. सासऱ्यांनी लाज सोडून माझ्याशी बोलावं इतकी जवळीक मला साधली नव्हती, आणि ती कमी कुणीतरी भरून काढली, एवढं मला कळतं. आता मामांचे थेंब मी वेळेवर घालते, डोक्यावरून पाणी घेऊ देत नाही, आणि बाकीचं खरोखर त्याच्यावर सोपवते. मामा आपली गोळी आता सगळ्यांसमोर मागून घेतात.

पुढच्या सोमवारी ऑफिसमुळे मला हॉस्पिटलात पोचायला संध्याकाळ झाली, तोवर चाचा ऑपरेशन करून घरी गेले होते. पत्ता हॉस्पिटल देत नाही, ते बरोबरच आहे. सिस्टरांनी एवढंच सांगितलं, की ते सात रस्ता चौकात किल्ल्या बनवायला बसतात. तिथे दोनदा जाऊन आले. शेजारचा चहावाला म्हणाला, डोळा बरा झाल्याशिवाय येणार नाहीत. मामा रोज विचारतात. त्या दिवशी थेंबांमुळे त्यांना चाचांच्या जागी नुसता पांढरा ठिपका दिसत होता.

"आवाज आयकला गं," ते म्हणतात, "तोंड बगायचं ऱ्हायलंय."

मामांना घेऊन सात रस्त्याला जायचं आहे. ते अजून झालेलं नाही.