व्याह्यांना सांगितलेला शेवट

कादंबरीचा शेवट न वाचल्यामुळे माझ्या मुलीचं लग्न अडलं होतं.

निवृत्तीनंतर मी एम.ए. मराठीला नाव घातलं. अभ्यासाला एक जाडजूड कादंबरी होती. गरिबीतून वर आलेला व्यापारी आणि त्याने देशोधडीला लावलेला त्याचा भागीदार, यांच्या वैराची. प्रश्न ठरलेला, ‘कथानक आणि निवेदनतंत्र स्पष्ट करा.’ मी घरात ते इतकं स्पष्ट केलं, की दूधवालासुद्धा पिशवी दारात ठेवून पळायला लागला!

अशात मानसीला बघायला येवल्याहून पाहुणे आले. बघणं नावापुरतंच, मुला-मुलीचं आधीच जमलं होतं. आम्हाला फक्त पोहे करून ‘हो’ म्हणायचं होतं.

“कादंबरीचं नाव काढायचं नाही!” सौ.ने बजावलं. मी नाव काढलं नाही. (नाव न काढताच सुरुवात केली. तंत्रच आहे ते!)

मुलाचे वडील अण्णासाहेब पैठणीचे मोठे दुकानदार. त्यांनी सहज विचारलं, “रिटायर झाल्यावर टाईमपास काय मग?”

“एका माणसाचा अभ्यास करतोय,” मी आवाज खाली आणला. “सायकलवर गाठोडं बांधून दारोदार कापड विकायचा. आज तीन मजली दुकान. पण ज्या भागीदाराच्या जिवावर वर आला, त्यालाच...”

इथे मी चहाचा घोट घेतला. (उत्कंठा वाढवायची असते, असं आमचे सर सांगतात.) अण्णासाहेबांचा पोह्यांचा चमचा हवेतच राहिला.

“बघा!” त्यांच्या मंडळी म्हणाल्या. “मुलगी द्यायच्या आधी लोक चौकशी करतातच, म्हटलं नव्हतं मी?”

“कोणी सांगितलं तुम्हाला?” अण्णासाहेबांनी मला विचारलं.

“सांगायला कशाला हवं? अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक आहे!”

त्यांचा चेहरा पडला. “भागीदार नव्हता तो,” ते पुटपुटले. “धाकटा भाऊ होता.”

“छे! भाऊ कुठला? मला पक्कं माहीत आहे.”

“माझा भाऊ मलाच माहीत नाय का?” ते ताडकन उठले. “चल गं! लय झाली सोयरीक!”

मानसी रडायला लागली. सौ.ने धावत जाऊन कादंबरी आणली आणि पाहुण्यांच्या हातात ठेवली. “अहो, हे याच्यातलं बडबडतायत!”

अण्णासाहेबांनी पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं आणि परत खाली बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“शेवटी काय होतं त्या दोघांचं?” त्यांनी हळूच विचारलं.

शेवटची प्रकरणं मी वाचलीच नव्हती! गाईडवर भागवलं होतं, आणि गाईडात तंत्र होतं, शेवट नव्हता.

“वाचून कळवा,” ते म्हणाले. “मग तारीख काढू.”

पाहुणे गेल्या गेल्या वाचायला बसलो. दोघंही एकमेकांचं तोंड न बघता मरतात.

“खबरदार खरं सांगाल तर!” सौ. कडाडली.

मी फोन लावला. “समेट होतो दोघांचा.”

पलीकडून प्रश्न आला, “आधी कोण कोणाकडे जातं?”

“थोरला,” मी ठोकून दिलं.

लग्नात अण्णासाहेबांच्या शेजारी त्यांचा धाकटा भाऊ जेवायला बसला होता आणि दोघं एकमेकांना जिलबीचा आग्रह करत होते. मला भरून आलं. त्याच भरात परीक्षा दिली आणि पेपरात शेवट लिहिला तोही माझाच! मानसी सुखात आहे, मी नापास.

अण्णासाहेब मात्र येवल्यात सगळ्यांना सांगत फिरतात, “आमच्या व्याह्यांचा कादंबरीचा अभ्यास लय दांडगा!”