चालू प्लांटचा चार्ज : भिलाईतले तीन दिवस

"भिलाईला फिरायला? मार्चमध्ये?" स्टाफरूममध्ये सगळ्यांनी मला असं विचारलं, जणू मी चंद्रावर निघाले होते. या ब्लॉगवर मी आजवर नवेगावचा तलाव लिहिला, चिखलदरा लिहिला, एकदा तर नागझिऱ्याच्या गेटवर घालवलेला अख्खा दिवसही लिहिला. पोलाद कारखान्याच्या गावाला सहल म्हणून जाणारी मी पहिलीच असेन. पण मी काही धबधबा बघायला निघाले नव्हते. मला एक कारखाना हवा होता.

नवीन वाचकांसाठी थोडं सांगते. मी भंडाऱ्याच्या एका तंत्रनिकेतनात प्रोसेस टेक्निशियनचा कोर्स शिकवते. रसायनाच्या, डांबराच्या, पोलादाच्या कारखान्यात पंप, व्हॉल्व्ह आणि तापमान सांभाळत प्लांट चालता ठेवणारी माणसं आम्ही तयार करतो. या कोर्सचे शेवटचे सहा महिने खऱ्या कारखान्यात काढायचे असतात. आमच्याकडचा कारखाना बंद पडला आणि मुलं लटकली. प्राचार्यांनी मला बोलावून सरळ सांगितलं, "मॅडम, जूनच्या आत कारखाना आणा, नाहीतर पुढच्या वर्षी प्रवेश बंद." कॉलेज-कारखान्याची अशी जोडी जुळवलेल्या दुर्गच्या वझलवार मॅडमशी माझी ओळख होती. त्यांना फोन केला, तिकीट काढलं, बॅग भरली.

भंडाऱ्याहून जाणार असाल तर स्टेशन शहरात नाही, वरठीला आहे, हे लक्षात ठेवा. ऑटोवाल्याशी भाव आधी ठरवा आणि पहाटेची गाडी धरा. तुमसर, गोंदिया मागे पडलं की सालेकशानंतर गाडी जंगलात शिरते. मार्चमध्ये पळस असा फुललेला असतो की मोबाईल खाली ठेवावासा वाटतो. डोंगरगडला बाया टोपल्यांतून बोरं आणि उकडलेले चणे घेऊन चढतात. तेच घ्या, डब्यातल्या कटलेटच्या नादी लागू नका. दुर्गला उतरून मी रायपूरकडची लोकल घेतली आणि भिलाईच्या पॉवर हाऊस स्टेशनवर उतरले. लोकलचं तिकीट चहाच्या भावात पडतं, त्यामुळे टॅक्सीचा विचारही करू नका.

सेक्टर दोनमध्ये माझी आतेबहीण राहते, प्रमिलाताई. तिचे सासरे भंडाऱ्याकडून इथे आले ते पोलाद कारखान्यात लागले, आणि आता तिचे यजमान, आमचे मेश्राम भाऊजी, तिथेच कोक ओव्हनला, म्हणजे कोळशाच्या भट्टीवर आहेत. क्वार्टर छोटं, पण पुढे पेरूचं झाड, मागे कढीपत्ता, आणि बैठकीत बाबासाहेबांच्या फोटोखाली स्कूटरच्या किल्ल्या. ताईनं पाटवडीचा रस्सा केला होता. वास असा की मी सरळ स्वयंपाकघरात पाट ओढला.

"थांब ना बाप्पा जराशी," ताई म्हणाली. "तुया भाऊजीले येऊ दे. रिलिव्हर नाही आला वाटते."

"म्हणजे कधी येतील?"

"मले काय माहीत! रिलिव्हर आला का येईन. लग्न झालं तवापासून हेच आयकून राहिली मी. पहिलेच्या दिवशी मले वाटलं, हा माणूस कुठी पत्ते खेळत बसला असन!"

भाऊजी उशिरा आले, हात धुतले आणि काहीच झालं नाही अशा थाटात जेवायला बसले. त्यांच्या पाळीनंतरचा माणूस लोकलमध्ये अडकला होता. चालू भट्टी कुणाच्या हाती दिल्याशिवाय सोडून येता येत नाही, एवढं त्यांनी दोन घासांच्या मध्ये सांगितलं. मला भूक लागली होती, त्यामुळे मी मान डोलावली आणि विसरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकातल्या गाडीवर पोहे-जिलेबी खाल्ली. इथले पोहे कोरडे असतात आणि वर शेव सढळ हाताने. टमाट्याच्या चटणीसोबतचा चीला, म्हणजे तांदळाचं धिरडं, मिळाला तर तोही सोडू नका. मग वझलवार मॅडमच्या कॉलेजात गेले. मॅडम दुर्गच्या, तीन पिढ्यांपासूनचं मराठी घर. बोलताना वाक्य मराठीत सुरू होतं आणि हिंदीत संपतं. त्यांनी प्रयोगशाळा दाखवली. दोन टाक्या, एक पंप, गरम-थंड करायची नळ्यांची जोडणी, ऊर्ध्वपातनाचा छोटा स्तंभ. अगदी आमच्यासारखीच. मला हायसं वाटलं. यंत्रसामग्रीत आपण कमी नाही, तेव्हा कारखानाही मिळेलच, असं मी धरून चालले. फक्त त्यांचा पंप सुरू होता आणि तास मात्र कुठलाच चालू नव्हता, हे बघून मी म्हटलं, "कुणी बंद करायला विसरलं का?"

मॅडम हसल्या. "नाही हो. हा सोमवारी चालू होतो, शनिवारी बंद. बाकी चलता ही रहता है।"

त्यांची मुलं ज्या कारखान्यात जातात तो औद्योगिक वसाहतीत आहे, डांबर गाळून त्यातून वेगवेगळी तेलं काढणारा. गेटच्या आधी पाव किलोमीटरपासून नाकाला समजतं. प्रशिक्षणाचे साहेब तिवारीजी, चष्मा कपाळावर, टेबलावर पाण्याची बाटली आणि दुसरं काहीही नाही. मी माझ्या मुलांचं कौतुक सुरू केलं. त्यांनी हात वर केला.

"मॅडम, मागच्या साली बाहेरच्या एका कॉलेजचे बच्चे घेतले होते," त्यांनी मोडक्या मराठीत सांगितलं, मग हिंदीवर आले. "अच्छे बच्चे थे। मैंने एक से कहा, लाइन संभालो। उसने सबसे पहले पंप बंद कर दिया।"

"का?"

"क्योंकि उसके प्रॅक्टिकल में पहला स्टेप यही था। पहले देखो कि टंकी खाली है, फिर भरो, फिर चालू करो। डामर रुका तो पाइप में जम गया। हमने पाइप काट-काट के निकाला।" चष्मा डोळ्यांवर आला. "मुझे खाली टंकी वाले बच्चे नहीं चाहिए।"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. कारण आमचा प्रत्येक प्रयोग रिकाम्या टाकीपासूनच सुरू होतो. तास सुरू, टाकी भरा, पंप लावा, मोजमाप करा, घंटा वाजली, टाकी रिकामी करा, घरी जा. इतकी वर्षं मी तसंच शिकवलं आणि त्यात काही चुकतंय असं मला एकदाही वाटलं नव्हतं. त्या मुलाच्या जागी माझा कुठलाही विद्यार्थी असता तरी त्याने पंपच बंद केला असता. राग तिवारीजींचा आला, आणि ते बरोबर बोलत होते म्हणून जास्तच आला.

"मी उद्या पुन्हा येते," मी म्हटलं.

"कल मीटिंग है।"

"मग मीटिंगनंतर येते."

संध्याकाळी मी ताईकडे येऊन बसले. ताईनं विचारलं, "कावून तोंड पाडून बसली वं? नाही म्हटलं का त्यानं?" मी सगळं सांगितलं. भाऊजी पेपर वाचत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "मंग तू काय करून राहिली आता? परत चालली का?" मी म्हटलं, नाही. "मंग जेव," ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी मी वझलवार मॅडमना एकच विनंती केली : दुपारची तुकडी बदलते तेव्हा मला विद्यार्थी म्हणून उभं करा. सकाळच्या पाळीत नेहा होती, चरोद्याच्या रेल्वे कॉलनीतली, रोज लोकलने येणारी. तिच्याकडून मला चार्ज, म्हणजे चालू प्लांटचा ताबा, घ्यायचा होता. हातात वही नाही, पुस्तक नाही. पंप घुमतोय, टाकी अर्धी, एका नळीतून वाफ. मी शिक्षिकेच्या सवयीने विचारलं, "सुरुवात कुठून केली होती?"

नेहा गोंधळली. "मॅडम, सुरुवात मी नाही केली. मलेही चालूच भेटलं. रात में गरम जादा झालं होतं, तर थंड पाण्याचा व्हॉल्व्ह थोडा खुल्ला ठेवला आहे. वो एक बार हात लगा के देख लो. आता तुमचं."

"आता तुमचं" म्हणून ती निघाली नाही. मी व्हॉल्व्हला हात लावला, तापमानाचा काटा बघितला, पंपाचा आवाज ऐकला आणि "घेतलं" म्हटलं, तेव्हाच तिने बॅग उचलली. परवा भाऊजींनी दोन घासांच्या मध्ये सांगितलेलं मला आत्ता समजलं. शून्यापासून सुरू करायला मी शेकडो मुलांना शिकवलं होतं, आणि चालू असलेली गोष्ट दुसऱ्याच्या हातून घ्यायची कशी, हे कुणालाच शिकवलं नव्हतं.

तिथूनच मी प्राचार्यांना फोन लावला. प्रयोगशाळेचं वेळापत्रक मोडायचं, तीन तुकड्या करायच्या, सकाळी लावलेला पंप शेवटच्या तुकडीपर्यंत बंद करायचा नाही. "आणि घंटेचं काय?" त्यांनी विचारलं. "घंटा वाजू द्या," मी म्हटलं. "ती टाकीसाठी नाही."

मग तिवारीजींच्या गेटवर जाऊन बसले. तिथल्या बाकावर ऊन येतं. जाणार असाल तर टोपी आणि पाणी न्या. चहा मात्र गेटसमोरच्या टपरीवर झकास मिळतो, आलं ठेचून. मीटिंग संपली, साहेब बाहेर आले, मला बघून थबकले.

"आप अभी तक यहीं हैं?"

"माझी मुलं तुम्हाला नकोत, बरोबर आहे," मी म्हटलं. "मीही नसती घेतली. पण दोन महिन्यांनी येऊन बघा. न सांगता या. चालू लाईन ते तुमच्यासमोर देतील-घेतील. नाही जमलं तर मी पुन्हा तोंड दाखवणार नाही."

"नागपूर तो जाता ही हूँ, भंडारा रास्ते में है," ते म्हणाले. "बता के नहीं आऊँगा।"

परतीची गाडी उशिरा आली. ताईनं दिलेल्या ठेठरीचा डबा मी डोंगरगडपर्यंत संपवला. ठेठरी म्हणजे बेसनाची खारी, कुरकुरीत वेटोळी. ती विकत घेण्यापेक्षा कुणाच्या घरची मिळवा. हातात कागद नव्हता, सही नव्हती, पण मी हात हलवत परत येत नव्हते.

पुढचे दोन महिने नाकी नऊ आले. शिपायांनी सवयीने मेन स्विच बंद केला, भांडण झालं. एका मुलीने सुरुवातीलाच टाकी रिकामी केली आणि मग ती रडली. तीन तुकड्यांची जेवणं, एसटीचे पास, घरच्यांचे फोन. रात्री प्लांट चालवायची परवानगी अजूनही नाही; त्यासाठी मी प्राचार्यांच्या मागे लागलेली आहे. पण हळूहळू मुलं एकमेकांना सांगू लागली, "पंप गरम होऊन राहिला, बघजो." आता ती माझी वाट बघत नव्हती.

मेच्या शेवटी एका दुपारी तिवारीजी खरंच आले. आमच्या कॉलेजात शाल-श्रीफळ कपाटात कायम तयार असतं, त्यामुळे प्राचार्यांनी ऑफिसात सत्काराची मांडणी केलीसुद्धा. साहेब ऑफिसात गेलेच नाहीत. प्रयोगशाळेत स्टूल ओढून बसले. पाळीवर प्रज्वल होता. त्याच्याकडून चार्ज घेणारी पायल मोहाडीहून एसटीने येते.

पाचची घंटा वाजली. पायल नाही. कॉलेज रिकामं झालं, बाहेर गाड्या सुरू झाल्या, प्राचार्य दारात येऊन घड्याळाकडे बघू लागले. "प्रज्वल, बंद कर ना ते, साहेब खोळंबलेत," ते म्हणाले. मी मध्ये पडले नाही.

प्रज्वलने काट्यावरची नजर काढली नाही. "सर, पायल येऊन राहिली. तिले दिल्याशिवाय मी नाही हलत."

तिवारीजींनी प्राचार्यांकडे बघून फक्त स्टूलकडे बोट केलं. प्राचार्य बसले. एसटी वाटेत बंद पडली होती. पायल धापा टाकत आली, ओढणी कमरेला खोचली, पंपाला हात लावला, काटा बघितला, प्रज्वलचं ऐकून घेतलं. "घेतलं," म्हणाली. प्रज्वलने तेव्हा कुठे बॅग उचलली.

तिवारीजी उठले, चष्मा कपाळावर सरकवला. मला वाटलं आता भाषण देतील. त्यांनी विचारलं, "हॉस्टल में कितने बिस्तर लगवाने हैं?"

शाल घ्यायला ते थांबले नाहीत, गाडी होती. मी मात्र पायलची पाळी संपेपर्यंत तिथेच बसले. त्या दिवशी घरी जावंसंच वाटेना. तेवढ्यात ताईचा फोन आला. "झालं का वं तुयं काम?"

"झालं," मी म्हटलं, आणि मला रडू आलं.

"अवं, रडतं कायले! जेवली का?"

"नाही अजून, ताई. आमचा रिलिव्हर उशिरा आला."