गळ्यातल्या तीन रेघा

हेवा करायला माणसाला निमित्त लागतं होय? कुणी शेजारणीच्या सोन्याचा करतं, कुणी तिच्या लेकरांचा. मंगळवार पेठेतल्या गिरिजाबाईनं केला तो जावेच्या मानेचा. हसू नका. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती, तरी नळाला पाणी रडतखडतच यायचं. रॉकेल मिळत नव्हतं, साखरेला रांगा होत्या, बायकांना बोलायला विषयांचा तोटा नव्हता. पण गिरिजाच्या डोक्यात रात्रंदिवस एकच विषय. कमळीची मान.

गिरिजा अक्कलकोटकडची. विचार कानडीत करायची आणि भांडायची मराठीत. पंधराव्या वर्षी लग्न होऊन सोलापुरात आली ती हळद उतरायच्या आत काटवटीपुढं बसली. सासरे शरणप्पा यांचं कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं घर. काटवट म्हणजे भाकरीचं पीठ मळायची लाकडी परात. या घरातली काटवट सासूच्याही सासूपासूनची, मळून मळून मधे खोल गेलेली. सासू बसव्वा पीठ मळायची आणि गिरिजा भाकरी थापायची. पापडाइतकी पातळ, कडेला कुठं चीर नाही. तव्यावरून उतरली की चुलीपुढं उभी करून ती कडक करायची. गिरणीचा पहिला भोंगा व्हायच्या आत चूल पेटायची, आणि गिरिजाची हनुवटी एकदा छातीला टेकली की दुपारच्या जेवणालाच वर यायची. हे वीसेक वर्षं चाललं.

त्यात मानेची वाट लागली. गळ्यावर तीन आडव्या रेघा पडल्या. साध्यासुध्या नव्हेत, चांगल्या खोल. दुपारी काटवटीवरून उठली की त्या रेघांत ज्वारीचं पीठ भरलेलं असायचं, घामानं बसलेलं. एकदा समोरची निंगव्वा दारातनंच ओरडली, "अगं गिरिजे, तीनपदरी मोत्याची माळ कदी केलीस गं? दाव की जरा!" ओट्यावरच्या बायका खो खो हसल्या. गिरिजाही हसली. वरवर हसली आणि आत जाऊन दगडानं मान घासली. कातडं सोललं, रेघा होत्या तशाच.

तोवरही तिनं मनाला लावून घेतलं नसतं. पण दीर शिवयोगी याचं लग्न झालं आणि मंगळवेढ्याची कमलम्मा घरात आली. पोरगी रंगानं सावळी, नाकानं बसकी, पण मान! उंच, गुळगुळीत, एक सुरकुती नाही. घरचं पाणी आणायचं काम तिच्याकडं आलं. डोक्यावर घागर, घागरीवर कळशी, आणि नळावरनं ती अशी यायची की पेठेतली माणसं वाट देत. गिरिजा चुलीपुढनं मान वर करून बघायची आणि हातातली भाकरी वाकडी व्हायची. दुसऱ्याची मान सरळ म्हणून हिची भाकरी वाकडी. काय म्हणावं!

आता ठुशीचं सांगायला हवं, कारण सगळं तिथंच येऊन अडलं. बसव्वाच्या गळ्याला घट्ट बसलेली सोन्याची ठुशी होती, बारीक मण्यांची, गळ्यालगत चांगली रुंद बसणारी. झोपताना, न्हाताना, मळताना, ती गळ्यातच. वैशाखात बसव्वानं जेवताना सहज सांगितलं, "माजे गुडघे गेले. येत्या भोगीला मी काटवटीवरनं उटणार. ठुशी बी त्याच दिशी सुनंच्या गळ्यात घालणार."

कुठल्या सुनेच्या, ते म्हातारी बोलली नाही. थोरली मी, राबले मी, म्हणजे ठुशी माझीच, असं कुणीही म्हटलं असतं. पण पुढच्याच आठवड्यात कमळीच्या भावाचं लग्न निघालं. माहेरी निघालेली सून रिकाम्या गळ्यानं पाठवायची नाही, ही या घरची रीत. बसव्वानं आपल्या गळ्यातली ठुशी काढली, गळ्याभोवती पदर लपेटून घेतला आणि ठुशी कमळीला घातली. निंगव्वा तिथं होतीच. ती कुठं नसते? म्हणाली, "आगं बया! ठुशीनं आपला गळा हुडकला की!"

झालं. त्या एका वाक्यानं गिरिजाच्या पोटात जी आग पेटली ती चुलीत घातली असती तर महिनाभराचं सरपण वाचलं असतं. लग्नाहून कमळी परतली, ठुशी पुन्हा बसव्वाच्या गळ्यात गेली; तरी शेवटी ती सुंदर गळ्यालाच जाणार, हे गिरिजा धरूनच चालली. म्हणजे आता रेघा घालवायच्याच. भोगीच्या आत.

मग काय काय केलं म्हणता! साय आणि हळद झाली. मसुराची डाळ दुधात वाटून झाली. उशी सोडली, नुसत्या सतरंजीवर झोपली आणि मान धरली ती चार दिवस वळेना. नवरा चनबसप्पा म्हणाला, "रेघांनी काय बिगडतंय तुजं? मला तर दिसत बी न्हाईत." यावर ती जास्तच चिडली. वीस वर्षांत या माणसानं आपल्या गळ्याकडं बघितलंसुद्धा नाही, हेच तिला त्यातनं कळलं.

शेवटी मागच्या गल्लीतल्या मीनाबाईनं उपाय सांगितला. मीनाबाई गिरणीत कामाला होती, दारात कोंबड्या होत्या. "अंड्याचा पांढरा बलक लावा गिरिजाबाई. वाळला की कातडं कसं तानून धरतंय बगा." गिरिजानं दोन्ही कानांना हात लावले. ज्या घरात कांदासुद्धा सोमवारी चालत नाही, तिथं अंडं? पण हेवा माणसाला काय करायला लावत नाही! अंडं पदराखालनं आलं. न्हाणीत कडी लावून, गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून, "देवा, डोळं मीट" म्हणत तिनं बलक मानेला फासला. वाळला, ताणला, हात फिरवला तर गळा खरंच गुळगुळीत! पावघटकेचं सुख. मग हसू आलं, आणि हसल्याबरोबर तिन्ही रेघा तडतड उलल्या.

बाहेर आली तर बसव्वा नाक वर करून बसलेली. "घरात कसला गं वास सुटलाय?"

"नळाचं पानी, दुसरं काय."

"पान्याला पिसं फुटाया लागली व्हय?" म्हातारी म्हणाली.

श्रावण लागला. एके दिवशी सकाळी गिरिजा भाकरी थापत असताना बसव्वा मागनं आली. हातात तांबडं सूत. तिनं ते गिरिजाच्या गळ्याभोवती गुंडाळलं, बरोबर रेघांवरनं, बोटानं चाचपलं आणि गाठ मारून काढून घेतलं. "मान जाड झाली की गं तुजी," एवढंच म्हणाली. निंगव्वा चटणी न्यायला आलेली, ती फिसकन हसली. गिरिजाच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. अंड्याचा राग काढतेय म्हातारी! चारचौघींत माझ्या रेघा मोजून दाखवतेय! बसव्वा दुपारी पिशवी घेऊन बाजारात गेली. कशाला गेली, हे विचारायला गिरिजा भानावर होतीच कुठं? काटवटीपुढं बसून तिनं एकच हिशेब केला. माझी मान काटवटीनं खाल्ली. कमळीची घागरीनं राखली. तर मग अदलाबदल करू. माझी सुधारेल, आणि तिची... तिची बिघडली तर बिघडू दे. खोटं कशाला बोलायचं, सुधारण्यापेक्षा बिघडण्याचाच विचार तिला जास्त गोड लागला.

संध्याकाळी तिनं घरात सांगून टाकलं. "उद्यापास्नं पानी मी आननार. कमळीला बसू द्या काटवटीवर. तिनं बी शिकाया पायजे की."

कमळी घाबरली. "अक्का, मला न्हाई जमायचं."

बसव्वानं गिरिजाकडं निरखून बघितलं. "काटवट सोडतीस?"

"सोडते."

"इचार कर गिरिजे. सोडायची म्हंजे सोडायची. परत मागायची न्हाई."

"सोडली म्हनलं की!"

बसव्वा उठून आत गेली. गिरिजाला वाटलं, जिंकले.

सुरुवातीला बरंही वाटलं. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घागर. मान आपोआप ताठ. इकडं कमळीच्या भाकऱ्या म्हणजे गोवऱ्या! जाड, फाटक्या, अर्ध्या कच्च्या. रोज भाकऱ्या नेणारा खानावळवाला त्या परत घेऊन आला आणि शरणप्पांच्या पुढ्यात आपटून गेला. गिरिजा दाराआड उभी राहून मनसोक्त हसली. कमळीचे हात भाजले, डोळे धुरानं सुजले; हिनं एकदाही "असं कर गं" म्हणून सांगितलं नाही. शेजारी बसून शिकवलं ते बसव्वानं.

दसरा उलटला आणि एक दिवस नळावरनं येताना गिरिजाच्या कानावर आवाज पडला. थप, थप, थप. सलग, हलका, मधे कुठं न अडखळणारा. तिला वाटलं आपणच थापतोय. घागर डोक्यावर तशीच ठेवून ती अंगणात उभी राहिली. आत कमळी होती. भाकरी पातळ, गोल, कडेला चीर नाही. दिवाळीत खानावळवाला आपल्या पायानं आला आणि म्हणाला, "धाकल्या वैनींचा हात लई ग्वाड हाय." गिरिजानं घागर इतकी जोरात ठेवली की तिला पोचा पडला.

आणि रेघा? रोज ती आरशापुढं जायची. मान ताठ झाली होती, खांदे भरले होते, पण तिन्ही रेघा जिथल्या तिथं. वीस वर्षांचं काम पाच महिन्यांत कोण पुसणार?

भोगी आली. बाहेर जत्रेतल्या नंदीध्वजाच्या काठ्या बघायला सगळी पेठ लोटली होती. घरात तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीचा वास. दोघी सुना न्हाऊन, इरकल नेसून आल्या. बसव्वा पाटावर बसली, पदर मागं सारला, ठुशी काढून मांडीवर घेतली आणि तिचा जुना दोर सोडून डबीतला नवा अडकवला.

गिरिजा बघतच राहिली. म्हातारीच्या उघड्या गळ्यावर तीन रेघा होत्या. खोल, आडव्या, अगदी तिच्यासारख्या. इतकी वर्षं ठुशीखाली झाकलेल्या. वैशाखात कमळीला ठुशी घातली तेव्हाही पदराआड होत्या, आणि गिरिजाचे डोळे तर कमळीवर.

"काय बगतीस? काटवटीच्या हायत," बसव्वा म्हणाली. "माज्या सासूच्या बी हुत्या. या घरात ठुशी काटवटीच्या मागनं जाती. जी काटवट धरील तिच्या गळ्यात." तिनं ठुशी उचलून कमळीच्या हातात दिली. "घे बाळ."

गिरिजा पाटापुढं आली. "मला सांगितलं न्हाईसा आत्या! एका शब्दानं तरी..."

"दोनदा इचारलं की तुला. ठुशीसाटी काटवट धरनारी सून मला नको हुती."

कमळीनं ठुशी गळ्याला लावली आणि बावरून गिरिजाकडं वळली. "अक्का, दोर लई मोटा हाय. आत्याचं हात कापत्यात. तू बांद की."

नाही कसं म्हणणार? गिरिजा तिच्या मागं बसली. ठुशी कमळीच्या गळ्यात सैल लोंबत होती. दोर नवा होता, आणि त्याच्या टोकाला माप दाखवायला तांबडं सूत अजून तसंच बांधलेलं होतं. गाठीसकट. ते सूत तिनं ओळखलं.

"पटवेकऱ्यानं ठेवलेलं, मी बी काडलं न्हाई," बसव्वा हळूच म्हणाली. "ज्या दुपारी दोर गाठवाया दिला, त्याच सांजंला तू काटवट सोडलीस."

गिरिजानं तांबडं सूत दातानं तोडलं, आपल्या मापाचा दोर दोन बोटं आवळला आणि जावेच्या मापाची गाठ मारली. मग ठुशी नीट बसली का बघायला पुढं आली. कमळीच्या गुळगुळीत गळ्यावर ठुशीच्या वरच्या अंगाला एक बारीक आडवी रेघ उमटली होती. नवी, केसाएवढी. न्हाऊनही तिच्यात सकाळच्या बाजरीचं पीठ राहिलं होतं. हीच रेघ पडावी म्हणून गिरिजानं नवस करायचा तेवढा बाकी ठेवला होता.

"बसली का गं नीट, अक्का?"

"बसली," गिरिजा म्हणाली, आणि त्या रेघेचा तिला असा हेवा वाटला की डोळ्यांत पाणी आलं.

बाहेर नळ आला म्हणून हाकारा झाला. तिनं चुंबळ डोक्यावर ठेवली, पोचा पडलेली घागर उचलली आणि मान ताठ ठेवून पाण्याला गेली.