तानीचा हात

मी इथे लिहिणाऱ्यांतला नाही. वाचणाऱ्यांतलाही नाही, खरं तर. माझी पुतणी भुताखेतांच्या अनुभवांचा हा विभाग आवडीने वाचते. तिच्या मोबाईलवर मी दोन-तीन अनुभव वाचले होते आणि तिला म्हणालो होतो, "ह्या लोकांना एकदा आठ तास झोप मिळाली ना, की निम्मे अनुभव बंद पडतील." तेव्हा कोणाला मजा वाटणार असेल तर वाटू द्या. मला काडीचाही फरक पडत नाही.

पुण्यातल्या एका मेडिकल कॉलेजात मी बावीस वर्षं मेंदू शिकवतो. रोग काय आहे हा माझा पहिला प्रश्न कधीच नसतो, तो कुठे आहे हा असतो. हात लुळा पडला, तर तार नेमकी कुठे तुटली? मेंदूच्या वरच्या थरात, आत खोल, मानेच्या मणक्यात, की दंडातल्या नसेत? हातोडी, टाचणी आणि टॉर्च एवढ्यावर ती जागा सांगता आली पाहिजे. नंतर काढलेल्या एमआरआयने फक्त मान डोलवायची. ज्यांना सांगता येत नाही त्यांना मी वर्गात उभं करतो. मुलं मला घाबरतात, आणि त्यात मला गैर काही वाटत नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. जानेवारी महिना होता. वेल्हे तालुक्यातल्या एका गावात आमच्या कॉलेजचं तीन दिवसांचं शिबिर होतं. महामार्ग सोडून नसरापूरला आत वळलं की तिथून तासाभराचा रस्ता. गावाचं नाव देत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या नर्सबाई म्हणाल्या, "सर, वरच्या आळीला एक पेशंट आहे. पॅरालिसिसचा. पुण्याला ॲडमिट होती, तीन आठवडे झाले घरी आणून. पण त्या घरात कोणाला शिरू देत नाहीत. मला दोनदा उंबऱ्यावरनं परत पाठवलंय."

मला एवढं पुरेसं होतं. चार विद्यार्थी घेतले आणि अकराच्या सुमारास वर गेलो.

घर नवं होतं, सिमेंटचं, पुढे पत्र्याची पडवी. पेशंटचा मुलगा दत्ता दारातच उभा होता. पंचविशी ओलांडलेला, अंगाने दांडगा.

"कशापायी आलाय?"

"तपासायला. पैसे लागत नाहीत."

"पुण्याच्या डॉक्टरांनी तपासलंय की. आता काय तपासायचं राह्यलंय? आनि ही पोरं कशाला? माझी आय काय जत्रंतला खेळ हाय व्हय?"

मी सरळ सांगितलं, की आई अंथरुणात सडून मरावी असं वाटत असेल तर मी निघतो. माझं बोलणं असंच आहे. तो क्षणभर माझ्या अंगावरच येणार असं वाटलं, पण आतून एका बाईचा आवाज आला, "दत्ता, येऊ दे त्यांना. पाठीला जखम व्हायला लागलीय."

ती सुनंदा. पस्तिशीच्या आसपासची, दत्ताची चुलतबहीण. तिला कामथडीला दिली होती. दत्ताची बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली, म्हणून आजारपण काढायला तिला बोलावून घेतलं होतं. सुनंदाची आई ती नऊ वर्षांची असतानाच गेली आणि वडील पुण्यात हमाली करायचे, त्यामुळे तिला ह्या काकीनेच वाढवलं होतं. हे सगळं तिनं आमच्यासाठी सतरंजी टाकता टाकता सांगितलं.

काकी म्हणजे आमची पेशंट, इंदूबाई. साठीची. लोखंडी कॉटवर पडलेली, मान उजवीकडे भिंतीकडे वळलेली. तोंड डावीकडून ओघळलेलं, पण बोलणं शाबूत आणि नजर तिखट. तिचा डावा हात साडीच्या काठाच्या पट्टीने कॉटच्या दांडीला बांधलेला होता.

"हात का बांधलाय?" मी विचारलं.

"खाली पडतो, मार लागतो," दत्ता म्हणाला. तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

मी गाठ सोडली. कातडीवर वळ उठले होते. इतकं करकचून कोणी लुळा हात बांधत नाही, असं तेव्हा मनात आलं... पण पुढे पोरं उभी होती, मी शिकवायला लागलो.

केस सुरेख होती. असा शब्द वापरल्याबद्दल माफी मागत नाही, आम्ही वापरतो. मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागाला रक्त नेणारी मोठी वाहिनी बंद पडलेली. म्हणून डावा चेहरा, डावा हात, डावा पाय गेलेला. हात सर्वांत जास्त. मी तो उचलून सोडला, धप्पकन गोधडीवर पडला. टाचणी टोचली, बाईला पत्ता नाही. ताकद शून्य. आणि मेंदूचा हाच भाग गेला की माणसाची डावी बाजू त्याच्या जगातूनच पुसली जाते. पेशंट ताटातला डावीकडचा भात खात नाही. काही जण तर स्वतःचा हात स्वतःचा म्हणून ओळखत नाहीत.

ऋचा नावाची एक विद्यार्थिनी होती. तिला म्हटलं, विचार. तिनं तो हात उचलून इंदूबाईंच्या डोळ्यांसमोर उजव्या बाजूला आणला.

"मावशी, हा हात कोणाचा?"

"माझा न्हाई."

"मग कोणाचा?"

इंदूबाईंनी हाताकडे बघितलं आणि थुंकल्यासारखं तोंड केलं. "तानीचा. मेली तरी सुटत न्हाई रांड."

पोरांचे डोळे चमकले. पुस्तकात वाचलेलं समोर घडत होतं. मी मोठ्याने म्हणालो, "हे आयुष्यभर लक्षात ठेवा. असं शंभरात एकदा बघायला मिळतं." तेवढ्यात मागे भांड्यांचा आवाज झाला. सुनंदा चहाचे पेले घेऊन दारात आली होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"तानी म्हंजे माझी आई," ती म्हणाली.

मला ओशाळल्यासारखं झालं, पण तसं दाखवलं नाही. तिला समजावलं की हा मेंदूचा दोष आहे, काकी मुद्दाम बोलत नाहीत. ती पेले वाटू लागली. पेला देता देता ऋचाने काही विचारलं असावं, कारण सुनंदा तिला हळू आवाजात सांगत होती. आई जन्माची मुकी. डावखुरी. डाव्या हाताच्या बोटांनी खुणा करायची, त्या फक्त घरातल्यांना कळायच्या. सुनंदा नऊ वर्षांची असताना आईला कडब्याच्या खोलीत पान लागलं, म्हणजे साप चावला. ओरडता येत नव्हतं, म्हणून कोणाला कळलंच नाही.

मी पोरांकडे तोंड करून, कॉटकडे पाठ करून पुण्याला काढलेली एमआरआयची फिल्म उजेडात धरली होती. उजवीकडे भलाथोरला पांढरा डाग. "हा सगळा भाग मेला आहे," मी म्हणालो. "इथून हाताला एकही निरोप जाणार नाही."

"सर," ऋचा म्हणाली. "सर... हात."

मी वळलो.

हात गोधडीवर उताणा पडलेला होता आणि त्याची बोटं चालत होती. झटका नव्हे, कंप नव्हे. आकडी मी हजारदा पाहिली आहे. ही बोटं काहीतरी करत होती. अंगठा तर्जनीच्या टोकावर दोनदा घासला. थांबला. पुन्हा दोनदा.

सुनंदाच्या हातातला पेला कलंडला. चहा जमिनीवर सांडला तरी तिचं लक्ष नव्हतं.

"ती मला बोलवतीय," ती म्हणाली. "कुंकू लावल्यावानी... ती माझ्या नावाची खूण हाय."

ती कॉटपाशी येऊन गुडघ्यावर बसली आणि आपल्या हातानं तीच खूण केली. पुढची दोन-तीन मिनिटं काय झालं ते जसं दिसलं तसं सांगतो. तर्जनी आकड्यासारखी वाकून अंगठ्यावर बसली, कडी लावल्यासारखी. मग तीन बोटं गोधडीवर आपटायला लागली. ठक ठक ठक. परत कडी. परत ठक ठक. सुनंदा मधेच बोटांनी काही विचारायची, हात उत्तर द्यायचा. आणि इंदूबाई भिंतीकडे तोंड करून पडलेली. तिला तो हात दिसत नव्हता, जाणवतही नव्हता. तरी तिनं ओरडायला सुरुवात केली.

"बांधा त्यो हात! दत्ता! कुनी सोडला? बांधा म्हंते ना!"

मी पुढे होऊन हात धरला. मला हे थांबवायचं होतं, असंच म्हणा. त्या हाताने माझी दोन बोटं पकडली आणि आवळली. नखं रुतेपर्यंत. मी सोडवायला गेलो, सुटेनात. मला आजवर कुठल्याही पेशंटने असं धरलेलं नाही. त्या पकडीत राग होता. एरवी हा शब्द मी पोरांच्या केसपेपरवर खोडून टाकला असता.

पण सवय जात नाही. मी दुसऱ्या हातानं तिचा कोपराखालचा भाग चाचपला.

इथे एक गोष्ट करून बघा. स्वतःची मूठ घट्ट वळा आणि दुसऱ्या हातानं कोपराखाली धरा. कडक लागेल. बोटं आवळणारे जोरकस स्नायू बोटांत नसतातच, ते कोपराखाली असतात आणि तिथून दोऱ्यांसारख्या कंडरा बोटांपर्यंत जातात. मूठ वळली की तिथं ताण यायलाच हवा. मेंदू राहू द्या बाजूला, हे साधं यंत्र आहे.

इंदूबाईंचा हात तिथे मळलेल्या कणकेसारखा मऊ होता. मनगट ढिलं. वर काहीही ओढत नव्हतं आणि खाली माझी बोटं निळी पडत होती.

मग पकड आपोआप सुटली. हाताने सुनंदाकडे वळून अजून काही खुणा केल्या, सावकाश, बराच वेळ. तिनं एकदाच होकारार्थी मान हलवली. मग तो पडला.

सुनंदा उठली. "काकी," ती म्हणाली, "आई इचारती, भाइरनं कडी का लावलीस?"

दत्ता म्हणाला, "ताई, काय बोलतीस तू?"

"तू तवा रांगत हुतास. तू गप." तिचा आवाज चढला नव्हता. "काकी, मी शाळंत हुते त्या दिवशी. मला सांगितलं, कुनाला कळलंच न्हाई. ती दार वाजवत हुती?"

इंदूबाई भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणाली, "पाव्हनं आलं हुतं. वन्संला बघाया. मुकी बाई घरात दिसली तर सोयरीक मोडली असती. म्या कडी लावली. मला काय ठावं आत जनावर हाय?"

"वाजवत हुती का?"

"...वाजवत हुती."

"किती येळ?"

दत्ताने आम्हाला अक्षरशः ढकलत बाहेर काढलं. माझी बॅग पडवीतून खाली फेकली. "तुमी सोडला त्यो हात! सुखानं पडली हुती ती! परत ह्या आळीला दिसलात तर तंगडं मोडीन!" मागे वळून पाहिलं तेव्हा तो आत जाऊन गाठीवर गाठ मारत होता. सुनंदा कॉटच्या पायथ्याशी हाताची घडी घालून उभी होती.

संध्याकाळी केसपेपर गोळा केले. तिघांनी डाव्या हाताची ताकद शून्य लिहिली होती. ऋचाने एका ओळीत शून्य लिहून खाली लिहिलं होतं, 'अकरा-चाळीसला पूर्ण.' मी तिला बोलावून ती ओळ खोडायला लावली. ती म्हणाली, "सर, तुमच्या बोटांवर खुणा आहेत." मी तिला बाहेर जायला सांगितलं.

नंतर मी पुस्तकं उपसली. हात आपल्या मर्जीने चालल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत. मनात दाबलेला अपराध बोटांतून बाहेर पडला असेल, हेही मी स्वतःला सांगून पाहिलं. कडीची गोष्ट इंदूबाईला माहीत होतीच की. हे सगळं जुळवता येतं. फक्त तो मऊ भाग जुळत नाही. तार कुठे तुटली हा माझा प्रश्न. इथे सगळ्या तारा तुटलेल्या होत्या, आणि निरोप पोचला होता.

गेल्या पावसाळ्यानंतर कामानिमित्त भोरला चाललो होतो. नसरापूरला एका मेडिकल दुकानासमोर गाडी थांबवली, तर सुनंदा तिथे औषधं घेत होती. तिनंच ओळखलं. मला वाटलं, काकी आता नसतील. तसं विचारलं.

"हाय की," ती म्हणाली. "कामथडीला माझ्याकडं आणलीय. दत्ताला जमत न्हवतं. मालकांनी आधी नको म्हटलं, पर मी ऐकलं न्हाई."

तिनं पिशवी उघडून दाखवली. रक्तदाबाच्या गोळ्या, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, जखमेचं मलम. चिठ्ठी बघितली, डोस बरोबर होते. दर दोन तासांनी कूस बदलते, म्हणाली. पाठीची जखम भरली. अन्न मऊ करून घालते, ठसका लागू देत नाही. माझे विद्यार्थीसुद्धा इतकं नीट सांगणार नाहीत. मी मनापासून म्हणालो की तुमच्यासारखी माणसं कमी असतात. एवढं कळूनसुद्धा तुम्ही तिचं करताय.

"आई म्हणाली म्हणून करते."

"त्या दिवशी? शेवटी बराच वेळ खुणा चालल्या होत्या, तेव्हा?"

तिनं होकारार्थी मान हलवली. रिक्षावाला हाका मारत होता, तिनं त्याला हातानं थांबवलं.

"काय म्हणाल्या त्या?"

सुनंदा माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे शांत होते. असे शांत डोळे मला अजून आठवतात.

"म्हणाली, हिला लवकर मरू देऊ नको."

पिशवी मांडीवर घेऊन ती रिक्षात बसली आणि गेली.

मी डॉक्टर आहे. त्या घरात जाऊन मी कोणाला काय सांगणार? पेशंटची काळजी उत्तम घेतली जाते आहे. तक्रार करण्यासारखं काहीच नाही. तो हात कशाने हलला ह्याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि आता ते शोधावंसंही वाटत नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर कृपा करून ते तुमच्यापाशीच ठेवा.